पृष्ठवंश शस्त्रक्रियेतील वेदना व रक्तस्राव यांचे नियंत्रण

पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रियेत वेदनाशमन व रक्तस्रावाचे नियंत्रण ही कामे वेगळी मानली जात असली, तरी ती परस्परांत गुंतलेली आहेत. शुद्धिहरण उथळ राहिल्यास वेदनेच्या उद्दीपनाने रक्तदाब चढतो व जखमेतील रक्तस्राव वाढतो. ६० किग्रॅ. वजनाच्या प्रौढाच्या शरीरात रक्त सु. ४ लिटरच असते.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यातून बोरघाट चढतो. तेथील वाहन-अपघातात, किंवा खालापूर-कर्जत परिसरात झाडावरून अथवा उंचावरून पडल्याने मणका मोडलेल्या रुग्णास कणा न वाकविता, सपाट फळीवरून हलवावे लागते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा पनवेल, नवी मुंबई वा मुंबई गाठावी लागते.

कण्याच्या मागील बाजूने शस्त्रक्रिया करताना रुग्णास पालथे निजवितात. पोटावर दाब पडल्यास अधोमहानीलेतील रक्त झडपा नसलेल्या कशेरुक नीलाजालात शिरते. मेरुरज्जूभोवतीच्या नीला फुगतात व जखम सतत रक्ताने भरत राहते. छाती व श्रोणी यांखाली उशा देऊन पोट मोकळे ठेवणे हा रक्त वाचविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय. महागड्या साधनांच्या चर्चेत तो कित्येकदा मागे पडतो.

रक्तस्राव कमी व्हावा म्हणून रक्तदाब मुद्दाम उतरविण्याची पद्धत पूर्वी बरीच प्रचलित होती. दुखावलेल्या मेरुरज्जूस ती घातक ठरू शकते. सुजलेल्या रज्जूचा रक्तपुरवठा दाबावरच टिकून असतो. अशा रुग्णात माध्य रोहिणी-दाब ७५ ते ८० मिमी. पाऱ्याखाली जाऊ देत नाहीत. कित्येक ठिकाणी ८५ ते ९० मिमी. हे लक्ष्य ठेवतात. साहजिकच रक्त अन्य मार्गांनी वाचवावे लागते.

जपानमधील ओकामोटो दांपत्याने १९६२ मध्ये पुढे आणलेले ट्रानेक्झॅमिक अम्ल रक्ताच्या गुठळीतील फायब्रिनाचे विघटन रोखते. ४० देशांतील २०,२११ अपघातग्रस्तांवरील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने मृत्यूचे प्रमाण घटल्याचे आढळले. मात्र इजेनंतर तीन तासांच्या आत दिल्यासच लाभ होतो, असे पुढील विश्लेषणात दिसले. घाटातील कोंडीत ते सहज निसटू शकतात. जखमेतील रक्त गोळा करून, धुऊन परत देणारे यंत्रही वापरतात. परंतु क्षयरोगग्रस्त मणक्यात संसर्गाच्या भीतीने ते टाळतात.

वेदनाशमनासाठी केवळ मॉर्फिनावर विसंबत नाहीत. पॅरासिटामॉल, अल्प मात्रेतील केटामीन आणि जखमेच्या कडांत टोचलेले ब्युपिव्हाकेन यांच्या जोडीने मॉर्फिनाची मात्रा कमी ठेवता येते. दाहशामक वेदनाहारकांपैकी काहींनी रक्त गोठण्यास अडथळा येत असल्याने ती जपून देतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने सांगताच पाय हलविले पाहिजेत. अतिरिक्त गुंगीत ही तपासणी होत नाही. वेदना अकस्मात वाढून पायांतील शक्ती कमी झाल्यास मेरुरज्जूवर रक्ताच्या गुठळीचा दाब पडत असल्याची शंका घेतात व जखम विनाविलंब पुन्हा उघडतात.