निळी ज्योत, पिवळी ज्योत

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या एखाद्या वाड्यात सकाळी चहाचं आधण ठेवायला गॅस पेटतो, तेव्हा शेगडीच्या पोटात एक विलक्षण गोष्ट घडत असते. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून गॅस झपाट्यानं सुटतो आणि जाता जाता भोवतालची हवा सोबत ओढून नेतो. त्यासाठी पंखा लागत नाही, वीज लागत नाही. नुसत्या वेगाच्या जोरावर हवा नळीत शिरते, गॅसमध्ये मिसळते आणि हे मिश्रण बर्नरच्या भोकांतून बाहेर पडून निळं जळतं. जर्मनीतल्या हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेननं १८५५च्या सुमारास प्रयोगशाळेसाठी जो बर्नर करवून घेतला, त्याचं तत्त्व हेच. रसायनशास्त्राचं ते उपकरण आज आपल्या ओट्यावर रोज पोळ्या भाजतं!

गॅसला जळण्याआधीच पुरेशी हवा मिळाली, की त्याचे रेणू भराभर तुटतात. त्या तापलेल्या तुकड्यांतून, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या आणि कार्बनच्या जोड्यांतून, निळा-हिरवट प्रकाश फुटतो. हवा कमी पडली, तर कार्बनचे बारीक कण तयार होतात आणि तापून पिवळे लखलखतात. मेणबत्तीचा सोनेरी उजेड याच कणांचा असतो, हे मायकेल फॅरडेनं लंडनमधल्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत उलगडून दाखवलं होतं. हे कण पूर्ण जळून जाण्याआधी गार पातेल्याला भिडले, की तिथेच काजळी होऊन चिकटतात.

ज्योत भोकांवर स्थिर राहते, हेही कमी नवलाचं नाही. ती स्वतः मिश्रणात मागे सरकू पाहत असते, सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर या वेगानं. मिश्रण तितक्याच जोरानं पुढे येतं, म्हणून ती जागच्या जागी उभी दिसते. मिश्रणाचा जोर घटला, तर ज्योत आत शिरून ‘फट्’ आवाज होतो. जोर जास्त झाला, तर ती बर्नरवरून उचलली जाते.

पिवळी ज्योत कुठे कुठे मुद्दामही पेटवतात. थंड देशांत घरातल्या फायरप्लेसमध्ये सिरॅमिकचे ओंडके रचून त्यांच्याखाली गॅस पेटवतात. तिथे डोळ्यांना लाकडाच्या जाळाचा पिवळा रंग हवा असतो, म्हणून गॅसला मुद्दाम कमी हवा देतात. त्यामुळे काजळीची शक्यता आलीच. ओंडके मनाला येतील तसे रचून चालत नाहीत. उत्पादकाच्या आकृतीबरहुकूमच ठेवावे लागतात. ज्योत ओंडक्यावर आपटली, की थंडावते आणि ओंडका काळा पडतो. धुराड्यात धूर सोडणाऱ्या प्रकारात धुराड्याची झडप उघडी ठेवावीच लागते. हवेच्या वाटेत कोळ्यानं जाळं विणलं, तरी ज्योतीचं सगळं गणित बिघडतं.

आपल्या शेगडीचं गणितही असंच काटेकोर आहे. सिलिंडरमधल्या गॅसचा दाब मोठा असतो. रेग्युलेटर तो उतरवून बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम तीन टक्के जास्त ठेवतो. या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. एक माप प्रोपेन जळायला सुमारे २४ मापं हवा लागते. महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड पुण्यात पाइपनं जो गॅस पुरवते, तो मुख्यतः मिथेन. त्याला सुमारे दहाच मापं हवा पुरते, पण त्याची उष्णताही प्रोपेनच्या निम्म्याहून कमी. म्हणूनच पाइपचा गॅस घेताना शेगडीचं गॅस सोडणारं जेट बदलून मोठ्या छिद्राचं बसवावं लागतं. मिलिमीटरच्या काही अंशांवर ज्योतीचा रंग ठरतो. त्या छिद्रात घरच्या घरी सुई घालू नये. ते किंचित रुंदावलं, तरी गॅस वाढतो आणि हवा अपुरी पडते.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर जमिनीलगत साचतो. मिथेन हलका, तो वर चढतो. जुन्या लाकडी बांधकामाला आगीची भीती मोठी. १८७९च्या मे महिन्यात बुधवार पेठेतलाच पेशव्यांचा बुधवार वाडा आगीत गेला. आजही जिथे घराच्या तुळया नि पाटणी लाकडाच्या आहेत, तिथे गॅसच्या गळतीचं भान जास्तच हवं. नळीची मुदत साधारण पाच वर्षांची. ती उलटली, की नळी बदलावी. गळती पाहायची ती साबणाच्या फेसानं, काडी ओढून कधीच नाही. सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेच्या एकाही बटणाला हात लावू नये आणि घराबाहेर पडून १९०६ क्रमांकावर फोन करावा.

रोजची निगा सोपी आहे. उतू गेलेलं दूध बर्नरच्या भोकांत सुकतं, तेव्हा बर्नर गार झाल्यावर साबणाच्या गरम पाण्यात भिजवून ब्रशनं घासावा आणि पूर्ण वाळवूनच परत बसवावा. कोंदट जागेत अपुऱ्या हवेनं जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरनं माणसं दगावतात ती त्यानंच. पिवळी झालेली ज्योत मात्र सगळ्यांना दिसते. ती दिसली, की काळं पातेलं घासायला घेण्याआधी खिडकी उघडावी, गॅस बंद करावा आणि बर्नर साफ करावा. तरीही रंग निळा झाला नाही, तर जाणकार मेकॅनिकला बोलवावं.