शेतवस्तीच्या राखणीसाठी बंदूक: परवाना कसा काढावा आणि त्याआधी काय समजून घ्यावे



ढोकी, तेर, येडशी या पट्ट्यात रात्रीची राखण काही नवी नाही. सोयाबीन दुपानी झाले की हरणांचे कळप उतरतात, हरभरा घाट्यात आला की रानडुकरे रात्रीत वाफेच्या वाफे उकरून टाकतात आणि दिवसा उसाच्या फडात दडून बसतात. विहिरीवरची मोटार आणि केबल चोरीला जाण्याची भीती वेगळीच. त्यातच २०२४ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक वाघ चालत येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात आला. शेजारच्या बार्शी तालुक्यापर्यंत त्याचा वावर राहिला, जनावरे मारली गेली. रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी द्यायला जाणारा माणूस अशा वेळी साहजिकच विचारतो, "परवाना काढून एखादी बंदूक घ्यावी का?"

याचे थोडक्यात उत्तर असे. परवाना मिळू शकतो. पण परवाना म्हणजे बंदूक बाळगण्याची परवानगी. ती झाडण्याची परवानगी नव्हे. हा फरक न समजल्यामुळे पीक वाचवायला निघालेला शेतकरी स्वतःच आरोपी होऊन बसतो. म्हणून अर्जाचा कागद हातात घेण्याआधी पुढील माहिती शांतपणे वाचावी.

राखण नेमकी कशाची करायची आहे?

परवाना कोणत्या कारणासाठी मागायचा आणि मुळात मागायचा का, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

• जनावरांपासून पिकाची राखण: कायद्यात पीक संरक्षणासाठी परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. मात्र जनावर मारण्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी लागते.
• मोटार, केबल, तुषार संचाची राखण: या कामासाठी बंदूक जवळजवळ निरुपयोगी आहे. कारण पुढे दिले आहे.
• वस्तीवरच्या माणसांच्या जिवाची राखण: आत्मसंरक्षणासाठी परवाना मागता येतो. धोका खरा आहे, हे मात्र दाखवावे लागते.

कायद्यात कोणती बंदूक बसते?

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. अधिनियमाच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याच्या कामाची एक गोष्ट आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा आणि संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याची त्यात तरतूद आहे. आपण जिला बाराबोर म्हणतो, ती एकनळी किंवा जोडनळी बंदूक या दुसऱ्या प्रकारात येते. पिकासाठी ठासणीची बंदूक पुरेशी नाही, अशी खात्री पटल्यास परवाना देणारे अधिकारी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मंजूर करू शकतात.

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागायचे असेल तर त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते. शेताच्या राखणीला त्याचा उपयोगही नाही.

गावठी कट्ट्याच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद व दंड अशी शिक्षा आहे.

अर्ज कसा करावा?

१. परवाना जिल्हाधिकारी, म्हणजेच जिल्हादंडाधिकारी देतात. आपल्यासाठी ते कार्यालय धाराशिवला आहे. अर्जाची नोंद देशभरातील शस्त्र परवान्यांच्या ऑनलाइन प्रणालीत होते आणि प्रत्येक परवानाधारकाला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो.

२. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असल्यास सुटकेनंतर पाच वर्षे परवाना मिळत नाही. शांतता राखण्यासाठी बंधपत्र लिहून दिलेले असेल, तर त्या मुदतीतही मिळत नाही.

३. ओळख, वय व पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र जोडावे. पीक संरक्षणाचे कारण असेल तर सातबारा, आठ-अ आणि नुकसानीच्या जुन्या पंचनाम्यांच्या प्रती जोडाव्यात. आत्मसंरक्षणाचे कारण असेल तर पोलिसांत दिलेल्या तक्रारींच्या प्रती उपयोगी पडतात.

४. अर्जावर पोलीस अहवाल मागवला जातो. ढोकी परिसरातील अर्जदाराची चौकशी ढोकी पोलीस ठाण्यामार्फत होते. गावात बांधावरून किंवा भावकीत वाद चालू असतील तर ते लपवू नयेत. चौकशीत ते निघतातच आणि लपवल्याचा ठपका उलट जास्त जड जातो.

५. बंदूक हाताळण्याचे व सुरक्षिततेचे प्रशिक्षण नियमांत सांगितले आहे. ही औपचारिकता समजू नये. ज्याने आयुष्यात काडतूस हातात धरलेले नाही, त्याच्यासाठी हाच सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे.

६. परवाना नाकारल्यास कारण लेखी नोंदवावे लागते आणि आपण ते मागू शकता. केवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. त्यामुळे अल्पभूधारकानेही बिचकू नये. नाकारल्याच्या आदेशाविरुद्ध अपील करता येते.

७. परवाना मिळाल्यावर अधिकृत विक्रेत्याकडूनच बंदूक घ्यावी आणि ठरलेल्या मुदतीत तिची नोंद करून घ्यावी. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात.

परवाना मिळाला म्हणजे कायमचा मिळाला, असे नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी केली आणि शंभरावर परवाने रद्द केले. निवडणुकीच्या काळात छाननी करून बंदूक जमा करायला सांगितले जाऊ शकते. वरातीत किंवा मिरवणुकीत बेदरकारपणे हवेत बार काढल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

रानडुकरावर गोळी झाडता येते का?

वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी देतात. वन्यप्राणी मारण्याची परवानगी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार वन विभाग देतो. हे दोन कागद वेगळे आहेत.

रानडुक्कर आणि रोही यांनी उभ्या पिकाला धोका निर्माण केला असेल तर कलम ११ खाली लेखी परवानगी मागता येते. त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकारी कार्यालयात अर्ज करावा. काळवीट, मोर आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पीक खाल्ले म्हणून त्यांना मारता येत नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे.

प्राणी अंगावर चालून आला आणि जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने त्याला मारावे लागले तर तो गुन्हा ठरत नाही. मात्र तसे घडल्यास मृत प्राण्याला हात न लावता लगेच वन विभागाला कळवावे. तो प्राणी सरकारी मालमत्ता असतो.

चोरावर गोळी झाडता येते का?

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्यात कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिला आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतले असेल, दरोडा पडला असेल, रात्री घर फोडून कोणी आत शिरत असेल, तर हा हक्क मोठा आहे. पण त्याला दोन बंधने आहेत. संरक्षणासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही.

आता विहिरीवरची मोटार घ्या. चोर केबल गुंडाळून पळतो आहे, तुमच्या जिवाला धोका नाही. अशा वेळी त्याच्या पाठीवर छर्रे मारले तर केबल चोरणारा फिर्यादी आणि तुम्ही आरोपी होता. काही हजारांच्या केबलसाठी आयुष्यभराची कोर्टकचेरी मागे लागते.

अंधारात समोर कोण आहे, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या अनेक गावांत रात्री ड्रोन फिरतात, मग चोर येतात, अशा अफवा उठल्या आणि गावोगावी गस्ती सुरू झाल्या. अशा रात्री बांधावर हललेली सावली चोराची नसते. ती पाण्याची बारी धरायला आलेल्या शेजाऱ्याची असते, नाहीतर ऊसतोड कामगाराच्या लेकराची. झाडलेला छर्रा परत घेता येत नाही.

बंदूक घरात आल्यावर पाळायचे नियम

• प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजून हाताळावी. "रिकामीच आहे" म्हणतानाच अपघात होतात.
• नळी कधीही माणसाकडे, घराकडे किंवा रस्त्याकडे रोखू नये.
• झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापावर ठेवू नये.
• समोर काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, हे दिसल्याशिवाय झाडू नये. उभ्या उसात किंवा तुरीत माणूस दिसत नाही.
• बंदूक रिकामी करून कुलपाच्या लोखंडी कपाटात ठेवावी. काडतुसे दुसऱ्या जागी, दुसऱ्या कुलपात ठेवावीत. किल्ली परवानाधारकाकडेच असावी.
• दारू प्यायलेल्या माणसाने बंदुकीला हात लावू नये. परवाना वडिलांच्या नावावर असेल तर मुलाने एकट्याने बंदूक घेऊन शेतात जाऊ नये.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. आपल्या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्यांचे दुःख फार पाहिले आहे. घरात कोणी कर्जामुळे, आजारपणामुळे किंवा नैराश्यामुळे खचलेले असेल, तर जसे कीटकनाशकाचे डबे त्याच्या हाताला लागू देत नाही, तशीच बंदूकही घरात ठेवू नये. पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे ती जमा ठेवता येते. मन मोकळे करण्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.

आजोबांची जुनी बंदूक माळ्यावर असेल तर?

अनेक वाड्यांत जुनी ठासणीची बंदूक आठवण म्हणून पडून असते. परवाना आजोबांच्या नावावर होता, ते गेले आणि कागद कुणी पाहिलाच नाही. लक्षात ठेवा, परवाना वारसाहक्काने आपोआप येत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावी लागते. मग वारसाने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करावा. गंजलेली आणि बंद असली तरी ती तशीच घरात ठेवू नये.

बंदुकीआधी करून पाहावे असे उपाय

• सौर झटका कुंपण: कमी वेळाचा झटका देणारे प्रमाणित यंत्रच वापरावे. तारेत थेट वीज सोडणे गुन्हा आहे आणि त्याने माणसे मेली आहेत. वनक्षेत्रालगतच्या गावांनी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी वन विभागाकडे चौकशी करावी.
• नुकसानभरपाई: वन्यप्राण्यांनी पीक खाल्ल्यास तीन दिवसांच्या आत वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा. तोवर नुकसानीचे फोटो काढून ठेवावेत. हेच पंचनामे पुढे परवान्याच्या अर्जालाही लागतात.
• गट करून राखण: चार-पाच शेतकऱ्यांनी पाळ्या लावाव्यात. बॅटरी, शिट्टी आणि फोन जवळ ठेवावा. बांधावर दिवा आणि वस्तीवर सायरन लावावा.
• कार्बाइडचा पाइप टाळावा: ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीत मध्य प्रदेशात अशा कार्बाइड गनमुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. जनावरे पळवण्यासाठी तो घरी ठेवला तरी तो मुलांच्या हाती जातोच.
• मदतीचे क्रमांक: पोलिसांसाठी ११२, वन विभागासाठी १९२६. दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत.

हे सगळे करूनही वस्तीवर जिवाचा धोका उरत असेल किंवा हंगामामागून हंगाम डुकरे पीक नासवत असतील, तर अर्ज जरूर करावा. तो आपला कायदेशीर मार्ग आहे. मात्र अर्जावर सही करण्याआधी घरच्यांसोबत बसून तीन गोष्टी नक्की कराव्यात: बंदूक कोणत्या कुलपात राहील, तिची किल्ली कोणाकडे असेल आणि कोणत्या परिस्थितीत ती बाहेर काढायची नाही. तिसऱ्या गोष्टीवर घरात एकमत होत नसेल तर अर्ज काही दिवस थांबवावा आणि आधी कुंपणाचे काम हाती घ्यावे.