मज्जारज्जू : अडलेली वाट आणि जागती आशा

मज्जारज्जूला जबर इजा झाली की कमरेखालचा देह रुग्णाला परका होतो. तुलसी नगरातील आपल्या मराठी कुटुंबांतून मला वारंवार विचारले जाते, "डॉक्टरसाहेब, हाताची तुटलेली नस जोडली की भरून येते, मग पाठीच्या कण्यातली का नाही?" या उत्तरावर अनेकदा घराची सारी पुंजी अवलंबून असते.

प्रौढ मज्जारज्जूतील तंतू पुन्हा वाढत नाहीत, असा निष्कर्ष 1928 मध्ये स्पेनचे रामोन इ काहाल यांनी मांडला होता. 1981 मध्ये माँट्रियल येथे सॅम्युअल डेव्हिड व अल्बर्ट आग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या नसेचा पूल जोडला. तेच 'न वाढणारे' तंतू त्यातून काही सेंटिमीटर वाढले. वाढण्याची शक्ती होती. भोवतालची भूमी प्रतिकूल होती.

ही प्रतिकूलता बऱ्याच अंशी प्रथिनांच्या रूपांतरातून येते. प्रथिन घडल्यानंतर पेशी त्यावर शर्करेच्या साखळ्या किंवा अन्य रासायनिक गट चढवते आणि त्याचा स्वभाव पालटतो. जखमेच्या व्रणात कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या ल्यालेली प्रथिने साचतात व तंतूची वाट अडवतात. 2002 मध्ये लंडनच्या एलिझाबेथ ब्रॅडबरी व सहकाऱ्यांनी या साखळ्या तोडणारे विकर उंदरांना दिले. काही तंतू पुढे सरकले, चालही सुधारली. तंतूच्या आतही असेच घडते. त्याचा कणा असलेल्या ट्युब्युलिन प्रथिनातील फेरबदल वाढीला आवश्यक असतात, हे 2012 मध्ये अनिंद्य घोष-रॉय व सहकाऱ्यांनी सूत्रकृमीत दाखवले.

मात्र कृमी व उंदरांतील यश म्हणजे मानवाचे औषध नव्हे. तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत करणारा सिद्ध उपचार आज उपलब्ध नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा रुग्णांना मूलपेशी केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून शेत विकून सुई टोचून घेण्यापूर्वी माझ्या समव्यवसायी मित्रांपैकी कोणालाही अवश्य विचारावे.

तोवर हाती असलेले थोडे नाही. अपघातग्रस्ताची मान व पाठ न वाकवता त्याला फळीवर हलवावे. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलावी, मूत्राशयाची निगा राखावी, व्यायाम सोडू नये. पुनर्वसनाचे सामर्थ्य पाहायचे तर सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर आठवावेत. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्यांच्यासाठी कोणतेही नवे औषध निघाले नव्हते.

प्रयोगशाळेने वाट मोकळी करावी. त्या दिवसापर्यंत रुग्णाचे शरीर व मन सुदृढ राखणे हे आपले, म्हणजे वैद्याचे आणि कुटुंबाचे, काम आहे.