मुलाचा प्रश्न आणि बापाचें बियाणें

मृगाच्या सरी जवळ आल्या, पाभर दुरुस्त होऊन अंगणांत आली, बियाण्याचीं पोतीं सोडलीं, कीं घरांतील लहान मूल हटकून विचारतें, "बाबा, बीं पुरल्यावर मातींत त्याचें काय होतें?" घाईच्या दिवसांत आपण "उगवतें" एवढें सांगून मोकळे होतों. आमच्या मतें हा प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर मुलास नीट दाखवूं लागल्यास आपलेंहि मोठें नुकसान टळूं शकतें.

तीन पेले घेऊन प्रत्येकांत दहा दहा हरभरे ठेवावे. पहिल्यांत कोरडे, दुसऱ्यांत ओल्या फडक्यांत, आणि तिसऱ्यांत काठोकाठ पाणी भरून. चार दिवसांनीं मुलासच पाहूं द्यावें. कोरडे दाणे जसेच्या तसे असतील. फडक्यांतील दाण्यांस मोड आले असतील. बुडालेले फुगून त्यांस वास येऊं लागला असेल. यावरून त्यास सांगावें कीं, बीं हा निजलेला जीव आहे. त्यास जागें होण्यास ओल लागते, तशीच हवा आणि ऊबहि लागते. पाण्यांत बुडाल्यास त्याचा श्वास कोंडतो. फडक्यांत माती नव्हती, खत नव्हतें, तरी मोड आले. कारण पहिली शिदोरी बियाच्या दोन डाळींतच असते. ती सरण्यापूर्वीं मूळ जमिनींत रुजलें व पान उन्हांत आलें पाहिजे.

"मग माती कशाला?" असें मूल विचारील. काचेच्या बरणींत मूठभर माती व पाणी घालून ढवळावें. वाळू आधीं तळाशीं बसते, तिच्यावर गाळ. चिकण कण पुष्कळ वेळ पाणी गढूळ ठेवतात. वाळूमधून हवा खेळते, चिकण माती ओल धरते. आपल्या काळ्या जमिनींत चिकणाचा भाग मोठा. म्हणून ती ओल टिकवते, पण पाणी तुंबल्यास बियाची हवाहि कोंडते.

आतां बापाचा पाठ. हरभऱ्याच्या डाळी मातींतच राहतात; सोयाबीनचा कोंब मात्र आपल्या डाळी डोक्यावर घेऊन माती फोडतो. म्हणून तें ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षां खोल पेरूं नये, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्यावांचून पाभर धरूं नये.

पेरणीच्या पंधरा दिवस आधीं पोत्यांतून न निवडतां शंभर दाणे घ्यावे. ओल्या गोणपाटावर दहा दहांच्या ओळी मांडून गुंडाळी करावी व ती सावलींत ओलसर ठेवावी. आठवड्यानें सुदृढ मोड मुलाकडून मोजवावे. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असावी असा दंडक आहे. ७० भरल्यास हेक्टरीं ७५ किलो बियाणें पुरतें. ६० च भरल्यास साडेसत्त्याऐंशी किलो लागेल. त्याहून फारच कमी भरल्यास तें बियाणें पेरूं नये.

दुबार पेरणींत बियाण्याचा पैसा जातो तो जातोच, पण गेलेला वाफसा कोणासहि परत मिळत नाहीं. गोणपाटाच्या एका तुकड्यानें हें आधीं कळत असेल, तर आमच्या वाचकांनीं यंदा मुलांस हाताशीं घेऊन ही परीक्षा अवश्य करावी, अशी आमची विनंति आहे.