घट्ट क्लच आणि रोजचा रस्ता

मोटार चालविणाऱ्या पुष्कळ मंडळींना क्लचची आठवण तो बिघडला म्हणजेच होते. मलाही एरवी झाली नसती. पण माझ्या पुतण्याच्या गाडीने हा विषय आमच्या घरात आणून ठेवला. ती हकीकत सांगण्यापूर्वी क्लचचे काम काय, हे थोडक्यात पाहू.

सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा इंजिन मिनिटाला सात-आठशे फेरे फिरत असते आणि चाके स्तब्ध असतात. धावणाऱ्या आणि उभ्या असलेल्या अशा दोघांची गाठ धक्का न लागता घालून देणे, हे क्लचचे काम. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चक्र असते. गिअरपेटीकडे जाणाऱ्या दांड्यावर क्लच प्लेट असते. प्रेशर प्लेटमधील स्प्रिंग त्या प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. आपण पेडल दाबतो तेव्हा हा दाब काढून घेतो, आणि सोडतो तेव्हा तो हळूहळू परत देतो. मधल्या ज्या क्षणांना चालक 'हाफ क्लच' म्हणतात, त्या वेळी प्लेट घसरत घसरत वेग घेत असते.

क्लचची पकड किती, याचा हिशेब सोपा आहे. स्प्रिंगचा दाब, अस्तराचा घर्षणांक आणि प्लेटची सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार करावयाचा. प्लेटला दोन बाजू असतात म्हणून त्याची दुप्पट. दाब ५००० न्यूटन म्हणजे सुमारे ५०० किलो वजनाइतका, घर्षणांक ०.३ आणि त्रिज्या ९ सेंटिमीटर धरली, तर पकड २७० न्यूटन-मीटर येते. लहान डिझेल मोटारीच्या इंजिनाचा पीळ, ज्याला कारागीर टॉर्क म्हणतात, १९० न्यूटन-मीटर असेल तर एवढी पकड पुरून उरते.

पुतण्याची गाडी अशीच होती. त्याने इंजिनाच्या संगणकातील आकडे बदलून घेतले आणि पीळ २४० वर नेला. काही महिन्यांत खंबाटकी घाट चढताना नवाच प्रकार सुरू झाला. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे वाढत, पण गाडीचा वेग वाढेना, आणि जळका वास येई. कारण उघड आहे. तापलेल्या, झिजलेल्या अस्तराचा घर्षणांक ०.२५ वर आला की २७० ची पकड २२५ वर येते. ती २४० ला कशी पुरणार?

येथपर्यंत पुतण्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. क्लच बदलणे भागच होते. परंतु त्याने बसविला तो शर्यतीच्या गाडीचा. स्प्रिंग ७००० न्यूटनची, अस्तराच्या जागी भट्टीत घट्ट केलेल्या धातुचूर्णाचे तुकडे, घर्षणांक ०.४ च्या आसपास. गुणाकार केला तर पकड ५०० च्या वर जाते, म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त. घाटात गाडी उत्तम चढू लागली. मात्र ती गाडी मंडईत नेणाऱ्या त्याच्या आईने आठवड्याभरात किल्ली टेबलावर ठेवली. "ही आता तुझी एकट्याची," एवढेच वहिनी म्हणाल्या.

वहिनींना काय जाचले? पहिली गोष्ट पेडल. तरफा त्याच ठेवून स्प्रिंग जड केली की पायावरचा भारही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो, आणि शहरात पेडल दिवसातून शेकडो वेळा दाबावे लागते. दुसरी गोष्ट धक्के. घसरण्याचा वेग कमी होतो तशी या धातूची पकड एकदम वाढते. त्यामुळे प्लेट धरते, सुटते, पुन्हा धरते आणि सारी गाडी थरथरते. तिसरी गोष्ट आवाज. साध्या प्लेटच्या मध्यभागी लहान स्प्रिंगा असतात व त्या इंजिनाचे हिसके गिळतात. पुतण्याच्या प्लेटला त्या नव्हत्या. म्हणून गिअरपेटी खडखडू लागली.

हे सारे एकाच मुद्द्याशी येते. घसरणे हा क्लचचा केवळ दोष नव्हे. योग्य वेळी, योग्य तेवढे घसरणे हाच त्याचा धर्म आहे. सपाट रस्त्यावर इंजिनाचे फेरे कायम धरून गाडी हलविली, तर इंजिनाने केलेल्या कामापैकी निम्मे गाडीच्या गतीत जाते आणि निम्मे क्लचमध्ये उष्णता होते. सुटण्याच्या त्या सौम्यतेची ही किंमत आहे. ती द्यावयाचे नाकारले की वसुली दुसरीकडून होते. घसरून जाणारा हिसका आता गिअरच्या दातांवर आणि चाकांच्या दांड्यांवर बसतो.

शेवटी पुतण्याने मधला मार्ग काढला. स्प्रिंग ६५०० न्यूटनची, अस्तर नेहमीच्या राळ-तंतूंचे आणि मधल्या स्प्रिंगांसह प्लेट. पकड झाली सुमारे ३५०. म्हणजे २४० च्या जवळपास दीडपट. पेडल पूर्वीपेक्षा जड आहे, पण पाय भरून येत नाही.

असा क्लच वापरणाऱ्याने काही पथ्ये पाळावी. पहिले ५०० ते ८०० किलोमीटर गाडी शहरात शांतपणे चालवावी, म्हणजे अस्तर व चक्र एकमेकांशी जुळतात. सिग्नलला पेडल दाबून बसू नये. गिअर न्यूट्रलला आणून पाय काढावा. पेडल दाबले की रिलीझ बेअरिंगवर आणि इंजिनाच्या मुख्य दांड्याला मागे-पुढे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर भार येतो. स्प्रिंग जड तितका तो अधिक. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरू नये, हँडब्रेक लावावा. गाडी जागची हलत नसताना क्लचला मिळालेल्या साऱ्या कामाची उष्णताच होते. आणि क्लच विकत घेण्यापूर्वी इंजिनाचा पीळ किती, हा आकडा विचारावा. तो न विचारता 'सर्वांत मजबूत' क्लच देणारा कारागीर आपल्याला रस्त्यापेक्षा मोठे काहीतरी विकत असतो.

गेल्या महिन्यात वहिनी पुन्हा गाडी घेऊन मंडईत गेल्या. परत आल्यावर क्लचविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. क्लच ठीक बसला याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही.