भिंतीचं वजन

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. एकेका बराकीत आडोसे घालून अनेक संसार उभे राहिले. पुढे अंबरनाथ-बदलापूरपर्यंत विटांच्या इमारती झाल्या: बाहेरची भिंत नऊ इंची, आतली चार इंची. कॉस्मिक किंवा सोनोडाइनचे स्पीकर त्या भिंतीला टेकवून लावले, तरी भिंत गप्प असायची. प्लास्टरसह आतल्या भिंतीचंही वजन चौरस मीटरला दोनशे किलोंच्या पुढे.

मग हॉलमधून एक खोली काढायची म्हणून जिप्समचं पार्टिशन आलं. पटकन होतं, दिसतंही छान. पण साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड चौरस मीटरला जेमतेम नऊ-दहा किलोंचा, आत दोन-दोन फुटांवर पत्र्याचे स्टड आणि मधे पोकळी. असं पार्टिशन साधारण शंभर हर्ट्झला स्वतःच थरथरतं. डग्गा वाजला की स्विचबोर्डाची पट्टी खरखरते आणि घुमारा पसरट होतो. लोक फोम चिकटवतात. त्याने वरचे सूर दबतात, खालची गडबड तशीच राहते.

उपाय वजनाचाच. दोन्ही बाजूंना बोर्डाचा दुसरा थर, सांध्यावर सांधा न आणता; दोन थरांमध्ये लवचिक राहणारा सीलंट, पोकळीत रॉकवूल, कडा बुजवलेल्या. थरथर सत्तर हर्ट्झपर्यंत उतरते आणि मंदावते. बदलापुरात नदीकाठच्या तळमजल्यावर मी जिप्सम सुचवणारच नाही. २००५ आणि २०१९ चे उल्हास नदीचे पूर आठवा. पाण्यात राहिलेला बोर्ड भुसभुशीत होतो. तिथे सिमेंट फायबर बोर्ड बरा, तो जडही असतो.

अलीकडच्या, मायवान पद्धतीने साच्यात ओतलेल्या टॉवरांत उलटी तक्रार. चारी भिंती काँक्रीटच्या, त्यामुळे दहा फुटी खोलीत छप्पन्न हर्ट्झच्या आसपासचा बेस साचून घुमतो. पातळ पार्टिशन निदान थोडा बेस गिळतं. म्हणून सगळी खोली भरीव करण्याच्या हट्टाला माझा विरोध आहे. स्पीकरमागची भिंत पक्की हवी. समोर पुस्तकांचं कपाट, जाड गादीचा सोफा असू द्या.

नवा अँप्लिफायर घेण्याआधी स्पीकरमागची भिंत बोटाने ठोकून पाहा. पोकळ वाजली, तर रंगारी येण्याआधी सुताराला बोलवा.