वेशीवर टांगलेली लक्तरं

1952 साली वित्तोरिओ दे सिकाच्या 'उम्बेर्तो डी.' या चित्रपटावरून इटलीच्या एका तरुण उपमंत्र्याचं पित्त खवळलं. पेन्शनमध्ये भागत नाही म्हणून भिकेला लागायची पाळी आलेला एक म्हातारा आणि त्याचं कुत्रं, एवढीच त्यातली गोष्ट. पण असले चित्रपट जगभर गेले तर देशाची अब्रू काय राहणार, असा जाब उपमंत्र्यांनी दे सिकाला जाहीर लेखातून विचारला. घरची लक्तरं वेशीवर टांगू नका, हा त्या रागाचा मथितार्थ. सरकारात सिनेमा-नाटकाचं खातं सांभाळणाऱ्या या गृहस्थांचं नाव जुलिओ आंद्रेओत्ती. पुढे ते सात वेळा पंतप्रधान झाले आणि माफियाशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून कोर्टातही उभे राहिले. त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटाकडे यथावकाश येऊच.

माफियाचा सिनेमा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मार्लन ब्रँडो येतो. पण 'द गॉडफादर' (1972) हा अस्सल अमेरिकी चित्रपट. कादंबरीकार मारिओ पुझोनं, आपण खऱ्या गुंडाला कधी भेटलोच नव्हतो, असं स्वतःच लिहून ठेवलं आहे. पटकथेतला 'माफिया' हा शब्द निर्मात्यांनी काढला, तो जोसेफ कोलंबोच्या संघटनेनं दबाव आणल्यामुळे. आणि हा कोलंबो न्यूयॉर्कच्या एका माफिया टोळीचाच म्होरक्या. अंधाऱ्या खोलीत बसून गाऱ्हाणी ऐकणारा, बायकामुलांत रमणारा डॉन तिथून जगभर पोचला. आपल्याकडे 'धर्मात्मा'पासून 'सरकार'पर्यंत त्यानं चांगला मुक्काम ठोकला. तीस वर्षं फरार असलेला सिसिलीचा मात्तेओ मेस्सीना देनारो 2023च्या जानेवारीत पकडला गेला, तेव्हा त्याच्या लपायच्या घरात 'गॉडफादर'चं पोस्टर मिळाल्याच्या बातम्या आल्या. आपला फोटो भिंतीवर लागलेला कुणाला आवडत नाही?

इटलीतल्या चांगल्या दिग्दर्शकांची खटपट नेमकी उलटी. डॉनला खुर्चीवरून उठवायचं, पडद्याच्या कडेला न्यायचं, आणि ही खुर्ची त्याला दिली कुणी, तिचं भाडं कोण भरतं, हे विचारायचं. दर वेळी त्यांना ते जमलं असं मात्र नाही.

सुरुवातच मुळी फसली. पिएत्रो जेर्मीचा 'इन नोमे देल्ला लेज्जे', म्हणजे 'कायद्याच्या नावानं', हा चित्रपट 1949चा. पटकथा लिहिणाऱ्यांत फेलिनीही होता. सिसिलीतल्या आडगावी एक तरुण न्यायाधीश येतो. गंधकाची खाण बंद पडलेली, कामगार उपाशी, आणि गावाच्या तोंडाला कुलूप. इथवर चित्रपट कमालीचा धीट आहे. शेवटी मात्र घोड्यावरून फिरणारा माफियाचा म्होरक्या स्वतःच खुन्याला न्यायाधीशाच्या हवाली करतो. म्हणजे माफिया हीसुद्धा एक न्यायव्यवस्थाच, फक्त जुनी आणि जरा रांगडी! मूळ कादंबरी जुझेप्पे ग्विदो लो स्किआव्हो या न्यायाधीशाची. 1954 साली कालोजेरो विझ्झीनी हा सिसिलीतला बडा माफिओसो मेला, त्यानंतर याच न्यायमूर्तींनी लिहिलं की माफियानं न्यायसंस्थेचा नेहमीच मान राखला. जेर्मीचा चित्रपट वेस्टर्नच्या थाटात चित्रित केलेला आहे, फार देखणा आहे, आणि त्या देखणेपणातच खरी गोम आहे.

हा थाट मोडला फ्रांचेस्को रोझीनं. रोझी नेपल्सचा. व्हिस्कोन्तीनं सिसिलीच्या कोळ्यांना घेऊन 'ला तेर्रा त्रेमा' (1948) केला, तेव्हा तो त्याचा सहायक होता. 1962 साली त्यानं 'साल्वातोरे जुलिआनो' केला. माझ्या मते गुन्हेगारीवरचा याहून मोठा चित्रपट अजून व्हायचा आहे. जुलिआनो हा माँतेलेप्रे गावचा दरोडेखोर. वर्तमानपत्रांनी त्याचा रॉबिनहूड केला होता. 5 जुलै 1950 रोजी कास्तेलवेत्रानोच्या एका अंगणात त्याचं प्रेत सापडलं. चित्रपट तिथूनच सुरू होतो. कॅमेरा वरून पाहतो आहे, प्रेत पालथं पडलेलं, आणि एक अधिकारी पंचनामा सांगतो आहे: अंगावर काय, पायांत काय, शेजारी कुठलं हत्यार. लिहून घेणारा लिहून घेतो. बातमीदार उन्हात ताटकळत उभे. दोन तासांच्या चित्रपटात ज्याच्या नावानं चित्रपट आहे त्याचा चेहरा आपल्याला जिवंतपणी धड दिसतच नाही. दिसतो तो लांब डोंगरावर, पांढऱ्या कोटातला एक ठिपका. माँतेलेप्रेत लष्कर पुरुषांना धरून नेतं तेव्हा घराघरांतून बाया आकांत करत चौकाकडे धावतात. त्या गर्दीत नायिका नाही, ओळखीची नटी नाही, गावच आहे.

कथा पुढे-मागे उड्या मारते, आणि प्रत्येक उडीत सरकारी कागदातलं एकेक वाक्य खोटं पडत जातं. चकमकीत मारला, म्हणे. मग रक्त असं का? 1 मे 1947 रोजी पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा इथं कामगारदिनाला जमलेल्या शेतकऱ्यांवर जुलिआनोच्या टोळीनं गोळ्या चालवल्या, 11 माणसं मेली. त्याच्या दहा-बारा दिवस आधीच सिसिलीच्या निवडणुकीत डाव्या आघाडीनं मुसंडी मारली होती. गोळ्या कुणी झाडल्या ते कळलं. झाडायला कुणी सांगितलं? जुलिआनोचा उजवा हात गास्पारे पिशोत्ता कोर्टात बोलू लागला, आणि 1954च्या फेब्रुवारीत पालेर्मोच्या तुरुंगात कॉफीतल्या स्ट्रिक्नीननं मेला. रोझी उत्तर देत नाही. जिथं पुरावा संपतो तिथं तो थांबतो, आणि या थांबण्यानं प्रेक्षक जेवढा अस्वस्थ होतो तेवढा शंभर गोळ्यांनी होत नाही.

दुसऱ्याच वर्षी त्यानं 'ले मानी सुल्ला चित्ता', म्हणजे 'शहरावरचे हात', केला. त्याला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. नेपल्समध्ये एक जुनी इमारत कोसळते. शेजारचा पाया खणणारा बिल्डर नोत्तोला हा नगरसेवकही आहे. ही भूमिका रॉड स्टायगरनं केली. या चित्रपटात ना टोळी, ना पिस्तूल. आहेत ते झोनचे नकाशे, परवानग्या, समित्या. सभागृहात विरोधक आरोप करतो, तेव्हा सत्ताधारी बाकांवरची मंडळी दोन्ही हात उंचावून आपले हात स्वच्छ असल्याचा गजर करतात. तो विरोधक रोझीनं नटाकडून करवून घेतला नाही. कार्लो फेर्मारिएल्लो या नेपल्सच्या खऱ्याखुऱ्या नगरसेवकालाच उभं केलं. शेवटी नोत्तोला पक्ष बदलतो आणि नव्या वसाहतीचं भूमिपूजन धर्मगुरूंच्या आशीर्वादानं यथासांग पार पडतं. गिरणगावाच्या जमिनींचं काय झालं ते पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला इथं सबटायटल्सची फारशी गरज पडू नये.

त्याच सुमारास अल्बेर्तो लात्तुआदानं हाच कडू घोट विनोदात कालवून पाजला. 'माफिओसो' (1962) मध्ये अल्बेर्तो सोर्दी हा मिलानच्या मोटार कारखान्यातला मुकादम. हातात स्टॉपवॉच, कामगारांचा सेकंद वाया जाऊ न देणारा. सुट्टीत उत्तरेकडच्या गोऱ्या बायकोला आणि मुलींना घेऊन सिसिलीला गावी जातो. तिथं गावच्या डॉनचे जुने उपकार फेडायचे म्हणून शिकारीच्या नावाखाली त्याला खोक्यात घालून विमानानं अमेरिकेला पाठवतात. अनोळखी माणसाला गोळी घालून तो परत येतो, वर बायकोला शिकारही आणून दाखवतो. मग कारखान्यात सहकाऱ्याचं चुकून खिशात राहिलेलं पेन परत करतो, आणि सहकारी त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करतो. त्या क्षणीचा सोर्दीचा चेहरा पाहावा. हसू गालावरच गोठतं.

लिओनार्दो शाशा या सिसिलियन लेखकाच्या कादंबऱ्यांनी या सिनेमाला पुढची दहा-पंधरा वर्षं दाणापाणी पुरवलं. एलिओ पेत्रीचा 'आ चाशकूनो इल सुओ' (1967), दामिआनो दामिआनीचा 'इल जोर्नो देल्ला चिव्हेत्ता' (1968) आणि रोझीचा 'कादाव्हेरी एच्चेल्लेन्ती' (1976) हे तिन्ही त्याच्या पुस्तकांवरून. सगळ्यांत सत्य शोधणारा एकटा पडतो आणि हरतो. दामिआनीचा चित्रपट मला जरा सरधोपट वाटतो. फ्रँको नेरोचे निळे डोळे तिथं गरजेपेक्षा जास्त काम करतात.

कॅमेऱ्यामागचा धोका खरा होता. एन्रिको मात्तेई हा इटलीच्या सरकारी तेल कंपनीचा सर्वेसर्वा 1962 साली सिसिलीहून परतताना विमान कोसळून मेला. त्याच्यावर चित्रपट करताना रोझीनं मात्तेईच्या शेवटच्या दोन दिवसांची माहिती काढण्याचं काम पालेर्मोच्या माउरो दे माउरो या पत्रकाराला सांगितलं. 16 सप्टेंबर 1970 रोजी दे माउरोला त्याच्या घरासमोरून पळवून नेलं. त्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. 'इल कासो मात्तेई'ला 1972 साली कानमध्ये सर्वोच्च पारितोषिक, पेत्रीच्या चित्रपटाबरोबर विभागून, मिळालं. त्यात रोझी स्वतः पडद्यावर येऊन दे माउरोचीही चौकशी करतो.

आता जरा चवीचं बोलू. डिसेंबर 1969 मध्ये मिलानच्या पियाझ्झा फोंतानातल्या बँकेत बॉम्ब फुटला, 17 माणसं गेली, आणि पुढची दहा वर्षं इटली बॉम्ब, अपहरणं, दरोडे यांत होरपळली. त्या आगीवर स्वस्तातल्या पोलिसपटांनी पोळ्या भाजून घेतल्या: मिशाळ इन्स्पेक्टर, हात बांधणारा कायदा, अरुंद गल्ल्यांतून उधळणाऱ्या मोटारी. समीक्षकांनी नाकं मुरडली, आणि बऱ्याच चित्रपटांबाबत ते बरोबरच होतं. पण फेर्नान्दो दि लेओचा 'मिलानो कालिब्रो 9' (1972) चुकवू नये. जोर्जो शेर्बानेंकोच्या कथांवरून केलेला हा चित्रपट सुरू होतो तो एका पार्सलच्या हातोहात प्रवासानं, आणि त्यानंतरच्या मारहाणी पाहवत नाहीत. इथं कुणालाच कसली अब्रू नाही. टॅरँटिनो दि लेओचा भक्त आहे, हे त्याचे चित्रपट पाहताना न सांगता कळतं.

ऐंशीच्या दशकात माफिया दिवाणखान्यात आला. 1984 पासून 'ला पिओव्रा' या मालिकेतल्या कमिसार कात्तानीनं रोमपासून मॉस्कोपर्यंत प्रेक्षक बांधून ठेवले. ही असली मालिका काढणारे आणि माफियावर पुस्तकं लिहिणारे सापडले तर गळा दाबीन, असं 2009 साली पंतप्रधान बेर्लुस्कोनी म्हणाले. गंमत अशी, की त्या वेळचं सर्वांत गाजलेलं माफियावरचं पुस्तक, रोबेर्तो साव्हिआनोचं 'गोमोर्रा' (2006), बेर्लुस्कोनी कुटुंबाच्याच प्रकाशनसंस्थेनं काढलं होतं. साव्हिआनो तेव्हापासून पोलिस पहाऱ्यात जगतो.

मात्तेओ गार्रोनेनं 2008 साली 'गोमोर्रा'वर केलेला चित्रपट म्हणजे रोझीच्या वाटेवरचा पुढचा मोठा टप्पा. नेपल्सजवळच्या पाच गोष्टी, एकमेकींत न गुंतणाऱ्या. दोन पोरं ओसाड बंगल्यात 'स्कारफेस'मधल्या अल पचिनोची नक्कल करतात, अंतर्वस्त्रांवर समुद्रात उभी राहून चोरलेल्या बंदुका झाडतात. हा दिग्दर्शकाचा कल्पनाविलास म्हणावा, तर कामोर्रा या नेपल्सच्या गुन्हेगारी संघटनेच्या एका म्होरक्यानं खरोखरच 'स्कारफेस'मधल्यासारखा बंगला बांधवून घेतला होता. पण मला चित्रपटातली पीचची पेटी विसरता येत नाही. उत्तरेकडच्या कारखान्यांचा विषारी कचरा दक्षिणेच्या शेतांत पुरणारा दलाल फ्रँको (तोनी सेर्विल्लो) एका शेतावर जातो. तिथली म्हातारी त्याच्या तरुण मदतनिसाला प्रेमानं पीच देते. वाटेत फ्रँको सांगतो, फेकून दे ते, वास येतोय. त्या मातीत काय पुरलंय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पोरगा गाडीतून उतरतो आणि काम सोडून चालू लागतो. चित्रपटात काम केलेल्या काही स्थानिकांना पुढे कामोर्राशी संबंधित गुन्ह्यांत अटक झाली. नंतरच्या 'गोमोर्रा' मालिकेनं (2014–2021) मात्र त्याच वस्तीतल्या पोरांना पुन्हा केशरचना आणि संवाद पुरवले; डॉन खुर्चीत परतला, आणि मालिका तुफान चालली.

2008 सालीच कानमध्ये गार्रोनेच्या 'गोमोर्रा'च्या शेजारी पाओलो सोर्रेन्तिनोचा 'इल दिव्हो' झळकला, तो थेट आंद्रेओत्तींवर. तोनी सेर्विल्लोच यात वाकलेले खांदे, दुमडलेले कान आणि न हलणारा चेहरा घेऊन मध्यरात्री पहारेकऱ्यांसह रोमच्या रस्त्यांवरून चालतो. 1980पूर्वीचे आंद्रेओत्तींचे माफियाशी संबंध कोर्टात सिद्ध झाले, पण मुदत उलटून गेल्यानं शिक्षा झाली नाही. चित्रपट पाहून वृद्ध आंद्रेओत्तींनी त्याला बदमाशी म्हटलं. या खेपेला सिनेमाचं खातं त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

मार्को बेल्लोक्किओचा 'इल त्रादितोरे' (2019) तोमाझ्झो बुशेत्तावर आहे. न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोनेसमोर तोंड उघडून ज्यानं 1986च्या पालेर्मोच्या महाखटल्यात 475 आरोपींविरुद्ध साक्षीचा कणा पुरवला, तोच हा माणूस. चित्रपट इटलीत लागला 23 मे रोजी. 1992 साली त्याच तारखेला फाल्कोने, त्याची पत्नी आणि तीन अंगरक्षक महामार्गावरच्या स्फोटात मारले गेले होते. खटल्याची दृश्यं सर्कशीसारखी आहेत: भिंतीलगत पिंजरे, पिंजऱ्यांतून शिव्या, चिरूट, वेड्याचं सोंग. या गदारोळात बुशेत्ता एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतो, की आपण गद्दार नाही; जुनी संघटना अब्रूदार होती, बायकापोरांना हात लावत नव्हती, बिघडवली ती नव्यांनी. जेर्मीच्या चित्रपटातला घोडेस्वारच जणू सत्तर वर्षांनी साक्षीच्या खुर्चीत येऊन बसतो. फाल्कोने ते मानत नाही. बेल्लोक्किओनं वाद न घालता एक प्रसंग दोन तुकड्यांत दाखवला आहे. तरुण बुशेत्ताला एका माणसाला मारायचं असतं; तो माणूस आपल्या बाळाला छातीशी धरतो, आणि नियमाप्रमाणे बुशेत्ता मागे फिरतो. पुढे वर्षानुवर्षं तो माणूस मुलाला सोबत घेऊनच घराबाहेर पडतो. दुसरा तुकडा अगदी शेवटी येतो. मुलाचं लग्न लागतं, तो आपल्या संसाराला जातो, बाप त्या रात्री पहिल्यांदा एकटा असतो, आणि बुशेत्ता नियम पाळून त्याला गोळी घालतो.